नामांकित शाळेच्या यादीत नाव नसेल तर

माझगावची सेंट मेरीज, कूपरेजची कॅम्पियन, माटुंग्याची डॉन बॉस्को, पुण्याच्या कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट्स. ख्रिस्ती धर्मसंस्थांनी चालवलेल्या आणि मुलग्यांच्या म्हणून नावारूपाला आलेल्या या शाळांत जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. यादीत मुलाचं नाव दिसलं नाही की घरात सुतक पडल्यासारखं वातावरण होतं. त्या चार वर्षांच्या पोराला ते कळतं, याचंच मला फार वाईट वाटतं. या दुःखामागचे बरेचसे समज तपासून पाहिले तर टिकत नाहीत.

‘आरटीईतून तरी मिळेलच’ असं पुष्कळजण धरून चालतात. मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालानुसार शिक्षण हक्क कायदा (आरटीई) अल्पसंख्याक संस्थांना, म्हणजे या ख्रिस्ती शाळांनाही, लागू नाही. त्यामुळे २५ टक्के राखीव जागा नाहीत, आणि मुलाखती घेण्यावरची त्या कायद्यातली बंदीही तिथे नाही. २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवलं. पण आज अर्ज भरणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

उलट बाजूची भीतीही ऐकू येते, की तिथे दुसऱ्या धर्माची प्रार्थना मुलावर लादतील. राज्यघटनेचं कलम २८(३) स्पष्ट आहे: शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन विद्यार्थ्याला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही.

सगळ्यात खोल रुजलेला समज मात्र वेगळाच आहे: ‘त्या शाळेत गेला की आयुष्य मार्गी लागलं.’ निकाल चांगले लागतात हे खरंच. पण ती मुलं निवडूनच घेतलेली असतात, घरी इंग्रजी, पुस्तकं, शिकवणीला पैसा असतो. त्यातलं शाळेचं किती आणि घरचं किती? अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न बोस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या नावाजलेल्या सरकारी शाळांबाबत विचारला. त्यांनी कट-ऑफच्या जरा वर असल्याने आत गेलेली मुलं आणि जरा खाली असल्याने बाहेर राहिलेली मुलं ताडून पाहिली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पुढच्या परीक्षांतल्या गुणांत फारसा फरक नव्हता. तिथल्या शाळा वेगळ्या, मुलंही मोठी, हे मान्य. तरी थोडक्यात हुकलेल्या मुलाचं मोठं नुकसान झालं असं मानण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवं.

‘मुलग्यांच्या शाळेत लक्ष अभ्यासात राहतं’ याचंही तसंच. २१ देशांतल्या १६ लाख विद्यार्थ्यांवरच्या १८४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्येच निघाला. काटेकोर अभ्यासांत एकलिंगी शाळांचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही.

मग जायचं कुठे? मुंबई महापालिका आता सीबीएसई आणि आयसीएसईच्याही शाळा चालवते. शिक्षण मोफत, प्रवेश सोडतीने. ‘महापालिकेची’ म्हणून तो अर्ज न भरणं मला पटत नाही. मराठी माध्यमाची तयारी असेल तर दादरची बालमोहन, पार्ल्याची पार्ले टिळक या जुन्या, कसदार संस्था आहेत.

शाळा बघायला जाल तेव्हा सभागृह आणि चकचकीत प्रयोगशाळा पाहून झाल्यावर चौथीच्या मुलांच्या निबंधाच्या दोन-तीन वह्या मागा. सगळ्या वह्यांत एकच निबंध शब्दशः उतरला असेल तर तो फळ्यावरून आलाय. वाक्यं वेगवेगळी असतील, चुका असतील आणि समासात बाईंनी त्या मुलालाच उद्देशून काही लिहिलं असेल, तर तिथे कोणीतरी शिकवतंय. शिवाय अंतर मोजा. बोरिवलीहून माटुंग्याला रोज बसने जाणाऱ्या मुलाची खेळायची वेळ त्या बसमध्येच संपते.

आणि केजीचा प्रवेश हुकला म्हणजे सगळी दारं बंद, असंही नाही. अकरावीचा केंद्रीय प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. इन-हाउस, व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक कोटा सोडला तर उरलेल्या जागांसाठी दहावी कुठल्या शाळेतून केली हे कुणी विचारत नाही.