लोकरीच्या पैशातून उभी राहिलेली गढी

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, वेल्सच्या सरहद्दीलगत स्टोकसे नावाचा किल्ला आहे. सातशेहून अधिक वर्षांत त्याने नेटाची लढाई अशी पाहिलीच नाही, आणि धड उरला तो त्यामुळेच.

बांधणारा ना राजा, ना सरदार. लडलो गावचा लॉरेन्स हा लोकरीचा व्यापारी. राजालाही कर्जाऊ रक्कम देण्याइतका गबर. त्याने १२८१ मध्ये स्टोकसे घेतले. पुढच्याच वर्षी वेल्सचा राजपुत्र लेवेलिन इंग्रजांशी लढताना मारला गेला आणि या धामधुमीच्या मुलखात पैसा गुंतवण्याजोगी शांतता आली. १२९१ मध्ये चऱ्या बांधायचा राजाचा परवानाही मिळाला.

खंदक, तट, बुरूज, सगळा सरंजाम होता. पण दिवाणखान्याच्या खिडक्या पाहा: खंदकाच्या बाजूलाही पुरुषभर उंचीच्या. वेढ्याची धास्ती असलेला माणूस बाहेरच्या भिंतीला अशी भगदाडे ठेवील का? हा सगळा थाट श्रीमंती मिरवण्याचा. दिवाणखान्यात धुराडे नाही. जमिनीच्या मधोमध अष्टकोनी चूल आणि धूर वर तुळयांत. वरच्या खोल्यांकडे जाणाऱ्या जिन्याच्या पायऱ्या अखंड ओंडक्यांतून तासलेल्या आहेत, अगदी मूळच्या.

लॉरेन्सला हे वैभव फार काळ लाभले नाही. १२९४ मध्ये राजाने लोकरीवर जबर निर्यातकर बसवला, त्यामागे याचाच सल्ला होता. व्यापाऱ्यांनी तो बोजा भाव पाडून मेंढपाळांच्या माथी मारला. त्याच नोव्हेंबरात लोकरीने भरलेल्या जहाजासह लॉरेन्स बुडाला. डन्स्टेबलच्या मठातल्या बखरकाराने ते त्याच्या पापाचे फळ मानले.

१६४५ मध्ये, राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात, पार्लमेंटचे सैन्य दाराशी आले, बोलणी झाली, शिबंदीने किल्ला खाली केला. नंतर तट तेवढा पाडला गेला. पुढे शेतकऱ्यांनी इथे धान्य साठवले, पिंपे बनवणाऱ्यांनी दुकान थाटले.

१८६९ मध्ये हातमोज्यांचा कारखानदार जॉन डर्बी ऑलक्रॉफ्ट याने तो विकत घेतला. स्वतःसाठी त्याने जवळच नवा प्रासाद बांधला. जुन्या वास्तूची डागडुजी तेवढी केली. १९९२ पासून इंग्लिश हेरिटेज ही वारसा जपणारी संस्था ती सांभाळते आणि संस्थेने खोल्या रिकाम्याच ठेवल्या आहेत. उसने सामान मांडून देखावा करण्यापेक्षा हेच बरे.