विमानाचे लाकूड कसे निवडावे?

चाकण एमआयडीसीतून परदेशी जाणारी यंत्रे पाइनच्या खोक्यांत भरतात. फळीवर ‘एचटी’ असा शिक्का दिसतो. लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवून कीड मारली आहे, एवढाच त्याचा अर्थ. ताकदीची हमी तो देत नाही. त्यामुळे कितीही स्वस्त मिळाली तरी ही फळी घरी बांधायच्या विमानात वापरू नये.

पंखाच्या मुख्य तुळईसाठी जगभर सिटका स्प्रूस प्रमाण मानतात. त्याचे वजन घनमीटरला सुमारे 400 किलो, तर सागवानाचे 650च्या आसपास. सागवान टिकाऊ खरे, पण तेवढा भार विमानाला परवडत नाही.

फळी उजेडात धरा. तिच्या रेषा 15 इंच लांबीत 1 इंचापेक्षा जास्त तिरक्या जायला नकोत. टोकाकडून पाहिल्यास इंचात किमान 6 वाढवलये मोजता यावीत. काठावरची मोठी गाठ, चीर किंवा कूज दिसली, तर फळी बाद. ओलावा मीटरने तपासा. तो 8 ते 12 टक्के हवा. मावळच्या पावसाळ्यात लाकूड हवेतला दमटपणा शोषते, म्हणून साठवण कोरड्या खोलीतच करा.

शंका आली की फळी बाजूला ठेवा. हवेत दुरुस्ती करता येत नाही.