बिऱ्हाड बदलणारं रक्त

१९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा लेख आला. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना काही माणसांचं रक्त विलक्षण वाटलं होतं. तपासणीत ते ओ गटासारखं दिसे, पण ओ गटाच्या दात्याचं रक्तही या माणसांना चालत नसे. त्यांच्या रक्तद्रवात बाकी कुणाच्याही तांबड्या पेशी मिसळल्या की त्या एकमेकींना चिकटून गोळे होत. या रक्ताला मिळालेलं ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव आज आपल्याला मुख्यतः मोबाइलवर फिरणाऱ्या ‘तातडीनं रक्त हवं’ या संदेशांतून भेटतं. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट, युरोपात दहा लाखांत एकाचा. दुर्मीळपणाची ही गोष्ट खरीच, पण या गटानं विज्ञानाला त्याहून मोठं काही दिलं. पेशीच्या अंगावरची एक शर्करा नसली की काय होतं, हे त्यानं दाखवलं.

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची शर्करा जोडली की ‘एच’ खूण तयार होते. तिच्यावर एक शर्करा चढली तर ए गट, दुसरी चढली तर बी, काहीच चढलं नाही तर ओ. बॉम्बे गटाच्या माणसांत तांबड्या पेशींवर फ्यूकोजच बसत नाही, त्यामुळे ए आणि बी यांना बसायला जागाच उरत नाही. हे रसायन उलगडलं लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी. रक्तपेशींवर हा माल फार थोडा असतो म्हणून त्यांनी बीजांडकोशातल्या गाठींमधला द्रव वापरला, कारण त्यात तो भरपूर सापडतो. मुंबईच्या त्या लेखावर भेंडे, देशपांडे, भाटिया यांच्या जोडीला या दोघांचीही नावं आहेत. परळ आणि लंडन यांच्यातला हा दुवा मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे तो सांगितला जायला हवा तितका सांगितला जात नाही.

शर्करेच्या साखळीसाठी वेगळं जनुक नसतं. जनुकं विकरं घडवतात आणि विकरं एकामागून एक शर्करा जोडत जातात. ए आणि बी यांच्या विकरांत फरक फक्त चार अमिनो आम्लांचा, हे १९९० साली कळलं. कोणतं विकर कधी कामाला लागतं यावर साखळीचं रूप ठरतं, म्हणूनच गर्भातल्या पेशींवरच्या साखळ्या आणि मोठ्या माणसाच्या पेशींवरच्या साखळ्या सारख्या नसतात.

आता गर्भाकडे वळू. जन्माआधी रक्त एका जागी बनत नाही, ते बिऱ्हाड बदलत राहतं. गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्या तांबड्या पेशी गर्भाच्या शरीराबाहेर, पीतक कोषात तयार होतात. त्या आकारानं मोठ्या असतात आणि त्यांत केंद्रक असतं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात महारोहिणीच्या आतल्या अस्तरातून नव्या पेशी उगवतात. आयुष्यभर रक्त पुरवणाऱ्या मूळपेशी त्या ह्याच. अस्तराची चपटी पेशी वाकते, गोल होते आणि प्रवाहात सुटते. २०१० साली झेब्राफिशच्या आणि उंदराच्या भ्रूणात हे घडताना प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आलं. तिथून या पेशी यकृतात जातात, तिथे त्यांची संख्या वाढते. अस्थिमज्जेतलं काम तिसऱ्या महिन्यात सुरू होतं आणि पुढे हळूहळू तीच मुख्य जागा होते.

पहिल्याच वळणावर शर्करा लागते. अस्तराच्या पेशीनं रक्तपेशी व्हावं, हा निरोप शेजारच्या पेशीकडून ‘नॉच’ नावाच्या प्रथिनामार्फत येतो. या प्रथिनावर फ्यूकोज बसलेलं असतं आणि ‘फ्रिंज’ नावाचं विकर त्या फ्यूकोजवर आणखी एक शर्करा चढवतं. तेवढ्यानं नॉच कोणत्या शेजाऱ्याचं ऐकेल हे बदलतं. नॉच-१ नसलेल्या उंदरांत महारोहिणीतून मूळपेशी उगवत नाहीत. नॉचवर फ्यूकोज बसवणारं विकर काढून टाकलं तर भ्रूण अर्ध्या वाटेतच मरतो.

तांबड्या पेशींची गोष्ट मात्र मला सगळ्यांत रंजक वाटते, कारण ती प्रत्येक बाळाच्या बाबतीत घडते. गर्भातल्या तांबड्या पेशींवरच्या साखळ्या सरळ, फांद्या नसलेल्या असतात. त्यांना ‘छोटा आय’ म्हणतात. जन्मानंतर साधारण दीड वर्षात या साखळ्यांना फांद्या फुटतात आणि ‘मोठा आय’ तयार होतो. १९६०च्या सुमारास डब्ल्यू. एल. मार्श यांनी हा बदल दाखवून दिला. रक्तपेढीत छोटा आय असलेल्या पेशी हव्या असल्या तर नाळेतलं रक्त वापरतात, ते याच कारणानं.

याचा थेट परिणाम बाळंतपणात दिसतो. आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी गटाचं, हे फार सर्वसाधारण आहे. तरीही बाळाला गंभीर त्रास क्वचितच होतो. आईचे बरेचसे प्रतिपिंड वार ओलांडू शकत नाहीत. जे ओलांडतात, त्यांतले पुष्कळसे इतर ऊतींवरच्या ए-बी शर्करांना जाऊन चिकटतात. आणि बाळाच्या पेशींवर फांद्याच नसल्यानं ए किंवा बी बसण्याच्या जागा कमी असतात. आरएचचं तसं नाही. ते प्रथिन आहे, त्याच्यावर शर्करा नसते आणि गर्भाच्या पेशींवर ते फार लवकर पूर्णपणे दिसू लागतं. म्हणून आरएच निगेटिव्ह आईला इंजेक्शन देण्याची काळजी घ्यावी लागते. गर्भवतींना समजावताना ‘रक्तगट जुळत नाही’ या एकाच वाक्यात दोन्ही गोष्टी कोंबल्या जातात; हे थांबलं तर कितीतरी घरांतली विनाकारण भीती कमी होईल.

काही माणसांत फांद्या फुटतच नाहीत. ती मोठेपणीही छोटा आय घेऊनच जगतात. जपान आणि तैवानमधल्या अशा काही लोकांना लहानपणापासूनच मोतीबिंदू असतो. तैवानमधल्या संशोधनातून याचं कारण कळलं. फांद्या जोडणाऱ्या विकराचं जनुक तीन वेगवेगळ्या सुरुवातींनी वाचलं जातं. त्यातलं फक्त तांबड्या पेशींसाठीचं वाचन बिघडलं तर डोळे शाबूत राहतात. सगळीच वाचनं बिघडली तर डोळ्याच्या भिंगातही फांद्या होत नाहीत आणि ते धूसर होतं.

शर्करांचं महत्त्व दाखवणारा पांढऱ्या पेशींकडून आलेला पुरावा अधिक वेदनादायक आहे. १९९२ साली इस्रायलमधल्या दोन मुलांबद्दलचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांना वारंवार जंतुसंसर्ग होई, रक्तात पांढऱ्या पेशी प्रचंड असत, पण पू होत नसे. पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून थांबूच शकत नव्हत्या, त्यामुळे संसर्गाच्या जागी पोचत नव्हत्या. वाढ खुंटलेली, बुद्धीचा विकासही मंद. आणि रक्तगट कोणता? बॉम्बे. साध्या बॉम्बे गटात फक्त एच खूण घडवणाऱ्या विकरांचं काम बंद असतं, म्हणून ती माणसं एरवी निरोगी असतात. या मुलांत मात्र फ्यूकोज जिथे जोडलं जातं त्या पेशीतल्या कारखान्यात त्याला पोचवणारं प्रथिनच नीट काम करत नव्हतं, म्हणून ते बहुतेक ठिकाणी बसत नव्हतं. हे जनुक २००१ साली सापडलं. अशाच आजाराच्या एका बालकाला जर्मनीत तोंडावाटे फ्यूकोज दिलं तेव्हा संसर्ग आटोक्यात आले. सगळ्याच मुलांना मात्र तसा गुण आला नाही.

रक्ताच्या मूळपेशीही अस्थिमज्जेत शिरताना अशाच खुणेचा आधार घेतात. मज्जेतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचं सिलेक्टिन नावाचं प्रथिन पेशीवरचं फ्यूकोज ओळखतं, पेशी घरंगळत मंदावते, थांबते, आत शिरते. नाळेतल्या रक्तातल्या मूळपेशींवर ही खूण अपुरी असते. नाळेतल्या रक्तानं पहिलं प्रत्यारोपण १९८८ साली पॅरिसच्या सेंट-लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमान यांनी केलं, आणि तेव्हापासून या पेशी मज्जेत रुजायला फार वेळ घेतात ही अडचण डॉक्टरांना छळत आली आहे. (आपल्याकडे खासगी बँका गर्भवतींना नाळेतलं रक्त साठवण्याची सेवा ‘बाळाचा विमा’ म्हणून विकतात. बाळाच्या स्वतःच्या भावी उपयोगासाठी ते जपण्याला वैज्ञानिक आधार नाही, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कर्ज काढून हप्ते भरणाऱ्या आईवडिलांपर्यंत हे वाक्य पोचायला हवं.)

उशिरा रुजण्याची ही अडचण सोडवायला टेक्सासच्या एमडी अँडरसन केंद्रात २२ रुग्णांवर एक साधा वाटावा असा प्रयोग झाला. प्रत्येक रुग्णाला नाळेच्या रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या गेल्या. त्यांतल्या एकीतल्या पेशी आधी अर्धा तास विकर आणि फ्यूकोजच्या द्रावणात ठेवल्या होत्या. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लढाऊ पांढऱ्या पेशी पूर्वीच्या रुग्णांत २६ दिवसांनी परतत होत्या, त्या १७ दिवसांनी परतल्या. रक्तबिंबिका ४५ ऐवजी ३३ दिवसांनी. तुलना पूर्वीच्या रुग्णांशी आणि संख्या लहान, हे लक्षात घ्यायला हवं. तरीही पांढऱ्या पेशींचे ते नऊ दिवस म्हणजे प्रतिकारशक्तीच उरलेली नसलेल्या रुग्णाच्या खोलीतले नऊ दिवस, जिथे साधी बुरशीही जीव घेऊ शकते.