वेग आणि आवर

घोड्याची पारख तो किती धावतो एवढ्यावरूनच होत नाही. लगाम खेचताच तो कसा थांबतो, हेही पाहावे लागते. मोटारसायकलीलाही हाच न्याय लागू आहे.

जिचे इंजिन आणि सांगाडा कसल्याही आवरणाखाली झाकलेले नसतात, ती ‘नेकेड’, म्हणजे उघडी मोटारसायकल. २०१३ साली भारतात आलेली केटीएम ३९० ड्यूक ही या वर्गातील मध्यम आकाराची गाडी होय. कंपनी ऑस्ट्रियातील माटिगहोफेनची. परंतु गाडी घडली ती पुण्याजवळ चाकण येथे, बजाज ऑटोच्या कारखान्यात, आणि तेथूनच ती परदेशीही गेली.

तिचे इंजिन एकाच सिलिंडरचे, ३७३ घन सेंटिमीटरचे होते. सिलिंडरचा व्यास ८९ मिलिमीटर, तर दट्ट्याची धाव अवघी ६०. धाव आखूड असली, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात दट्ट्याला थोडेच अंतर तोडावे लागते; म्हणून हे इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत सुखाने फिरे आणि सुमारे ४३ अश्वशक्ती देई. अशा वेळी उत्पन्न होणारी उष्णता नुसत्या वाऱ्याने पुरेशी निघत नाही. ती वाहून नेण्यासाठी इंजिनाभोवती द्रव खेळविलेला असे. पोलादी नळ्यांच्या जाळीदार सांगाड्यामुळे गाडीचे वजन दीडशे किलोग्रॅमच्या आसपासच राहिले. शक्ती पुष्कळ आणि भार थोडा, हेच तिच्या चपळाईचे मर्म.

आवरण नसल्याने वाऱ्याचा सगळा मारा स्वाराच्या छातीवर येतो. लांबच्या पल्ल्यात त्याने थकवा येतो खरा. पण वेग वाढल्याची जाणीवही तोच वारा करून देतो.

खरा प्रश्न थांबण्याचा आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. धोका ओळखून स्वार ब्रेकला हात घालतो, तोवरच एवढे अंतर मागे पडते. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. अशा वेळी घाबरून ब्रेक करकचून दाबला, तर चाक जखडते आणि घसरते. ड्यूकमधील एबीएस ही योजना चाक जखडू लागताच ब्रेकचा दाब क्षणभर सैल करते व पुन्हा लावते. १२५ घन सेंटिमीटरहून मोठ्या नव्या मोटारसायकलींना ती भारतात २०१९ पासून सक्तीची झाली.

तथापि कोणतीही योजना निसर्गनियमांना बगल देऊ शकत नाही. ओल्या रस्त्यावर चाकाची पकड कमी, ती कमीच. मनगट वळविताच वेग हाती येतो. आवर मात्र स्वाराने आधी स्वतःच्या अंगी बाणवावा लागतो.