बेस काढून टाकला तर?

नगरहून एका वाचकाने आपल्या भावगीताचं मिक्स पाठवलंय. त्यांचा प्रश्न असा, की डग्ग्याचा घुमारा काही केल्या ऐकू येत नाही, तर ईक्यूवर कुठली फ्रिक्वेन्सी वाढवू?

मिक्स ऐकलं. तबला, त्यावर ढोलकीचा लूप, बेस गिटार, कीबोर्डचे दोन पॅड, स्ट्रिंग्ज, बासरी. एवढ्या गर्दीत डग्गा सापडायचा कुठून? बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर 41 हर्ट्झला वाजते. तिथून वरच्या सप्तकभरात बेस फिरत असतो आणि घुमाऱ्याचा मुक्कामही त्याच भागात. जवळजवळच्या सुरांपैकी मोठा लहानाला झाकतो, हा कानाचाच स्वभाव. त्यातही खालचा सूर वरच्याला जितका झाकतो, तितका वरचा खालच्याला झाकत नाही. मग डग्गा वाढवला की गाणाऱ्याचा गळा दबतो, गळा वाढवला की बेस पोकळ वाटतो, आणि हे करता करता मास्टर लाल दिव्यात जातो.

अशा वेळी वाढवण्याऐवजी काही काढून बघावं. 1984 साली हॉलिवूडच्या सनसेट साउंड स्टुडिओत गायक प्रिन्स 'व्हेन डव्ह्ज क्राय' हे गाणं करत होता. वाद्यं सगळी त्यानेच वाजवलेली, इंजिनिअर पेगी मक्रिअरी. बेसही वाजवून झाला होता. तो ट्रॅक त्याने सरळ काढून टाकला. नाचायचं गाणं आणि बेस नाही! तरी ते अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. बरे हेडफोन लावून ऐका. तळाला लिन एलएम-1 या ड्रम मशीनची किक एकटीच आहे. दोन ठोक्यांमध्ये तिथे काहीच वाजत नाही, म्हणून प्रत्येक ठोका सुटा, कोरडा लागतो आणि प्रिन्सचा गळा अगदी कानाशी येतो. बाकी हे गाणं काही साधंसुधं नाही हं. शेवटाकडे कीबोर्ड आणि आवाजांचे थर भरपूर आहेत. काटकसर केली ती फक्त तळाशी, आणि मला त्याचंच जास्त कौतुक वाटतं.

तर नगरकर, ईक्यूला हात लावू नका. आधी बेस म्यूट करा, मग ढोलकीचा लूप, मग एक पॅड. दर वेळी मुखडा पुरता ऐका. एक पथ्य मात्र पाळा. ट्रॅक म्यूट केला की एकूण आवाज उतरतो, आणि उतरलेलं मिक्स कानाला फिकंच वाटतं. तेव्हा जुनं आणि नवं मिक्स एकाच पातळीवर आणा, मगच ताडून बघा. स्ट्रिंग्जचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असतो तर अंतऱ्यापर्यंत त्यांना आत येऊ दिलं नसतं.