जर्मनी-ऑस्ट्रिया : भाषा एक, राष्ट्रे दोन
जर्मनी व ऑस्ट्रिया या शेजारी देशांची भाषा एक; मात्र १८६६ च्या युद्धात प्रशियाने ऑस्ट्रियाचा पराभव केला आणि १८७१ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन साम्राज्यात ऑस्ट्रियाला स्थान उरले नाही. पहिल्या महायुद्धानंतर विजेत्या राष्ट्रांनी दोहोंच्या एकीकरणास मनाई केली. मार्च १९३८ मध्ये हिटलरने, जो मूळचा ऑस्ट्रियनच, सैन्य पाठवून ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन केला. व्हिएन्नात प्रचंड जमावाने त्याचे जल्लोषात स्वागत केले. तरीही १९४३ च्या मॉस्को जाहीरनाम्याचा आधार घेत ऑस्ट्रिया पुढे अनेक दशके स्वतःस नाझी आक्रमणाचा पहिला बळी म्हणवत राहिला. त्याच जाहीरनाम्याने त्याला जबाबदारीचीही जाणीव करून दिली होती, हे सोयीस्करपणे विसरले गेले. नाझी अत्याचारांतील ऑस्ट्रियन नागरिकांच्या सहभागाची कबुली चान्सलर फ्रांझ व्रानित्स्की यांनी संसदेत दिली, ती १९९१ मध्ये.