मेंदूचा काप आणि पेशींची वीज

मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटे खंडित झाला तरी त्याची अपरिमित हानी होते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याचा, उंदराच्या मेंदूचा एक पातळ काप शरीराबाहेर कित्येक तास जिवंत राहतो आणि त्यातील चेतापेशी आपले विद्युत्-व्यवहार चालू ठेवतात, या गोष्टीवर सहजासहजी विश्वास बसणार नाही. परंतु लंडनचे जीवरसायनशास्त्रज्ञ हेन्री मॅकिल्वेन यांनी हा मार्ग खुला केला, आणि १९६६ साली यामामोतो यांच्यासह गिनीपिगच्या मेंदूच्या कापांतील विद्युत्-प्रतिसादांची नोंद प्रसिद्ध केली.

बाहेरून झिरपणारा प्राणवायू ऊतीत फार खोलवर पोचत नाही. म्हणून काप ३०० ते ४०० मायक्रोमीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीचा घ्यावा लागतो. मेंदू काढताच तो बर्फगार द्रवात बुडवितात, कारण थंडीने पेशींची प्राणवायूची निकड उतरते, आणि मग थरथरत्या पात्याने त्याचे काप पाडतात. त्या द्रवात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम इत्यादींचे क्षार व ग्लुकोज असून, त्यातून ९५ टक्के प्राणवायू व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण अखंड सोडलेले असते. यांतील दुसरा वायू प्रथमदर्शनी अनावश्यक वाटला, तरी बायकार्बोनेटच्या साहाय्याने द्रवाचा सामू ७.४ च्या आसपास कायम राखण्याची कामगिरी त्याच्याकडेच असते.

नंतरचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. सुमारे एक मायक्रोमीटर तोंडाची, क्षारद्रवाने भरलेली काचनलिका सूक्ष्मदर्शकाखाली एका पेशीला टेकवून किंचित शोषण केले, की काच आणि पेशीपटल एकमेकांना इतकी घट्ट चिकटतात की त्या सांध्याचा विद्युत्-रोध अब्जावधी ओहमपर्यंत चढतो. आणखी एक हलका झटका दिला, की नलिकेच्या तोंडाखालचे पटल फाटून पेशीचे अंतरंग चांदीच्या तारेशी जोडले जाते. पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. ती उद्दीपित होताच जेमतेम एक मिलिसेकंद टिकणारी उसळी पडद्यावर उमटते. या तंत्राचे जनक एर्विन नेहेर व बर्ट साकमान यांना १९९१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

काप म्हणजे संपूर्ण मेंदू नव्हे. त्याच्याकडे येणारे दूरचे तंतू तुटलेले असतात, आणि दृष्टी, श्रवण, वेदना यांची वार्ता त्याला पोचत नाही. मात्र स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पसची रचना अशी आहे, की योग्य दिशेने छेद घेतल्यास पेशींची एकापुढे एक जोडलेली साखळी बव्हंशी शाबूत राहते, हे ऑस्लोच्या पेर अँडर्सन यांच्या प्रयोगशाळेने दाखविले. शिवाय रक्त आणि मेंदू यांमधील अटकाव येथे नसल्यामुळे हवे ते औषध मोजून देण्याची व धुऊन टाकण्याची पूर्ण मुभा संशोधकाला मिळते. स्मृतीचा पाया मानल्या जाणाऱ्या जोडण्यांच्या दृढीकरणाचे बहुतेक रासायनिक बारकावे अशाच कापांतून उलगडले.

अपस्माराच्या काही शस्त्रक्रियांत काढाव्या लागणाऱ्या मानवी मेंदूचा तुकडा, रुग्णाची संमती घेऊन, आता तडक प्रयोगशाळेत नेला जातो, आणि तशाच द्रवात ठेवून मानवी चेतापेशींची वीज मोजली जाते.